'गोदान'चा गिरगावचा पत्ता

जुने पुस्तक हाती आले की मी आधी मुद्रक-प्रकाशकाचा पत्ता वाचतो. ग्रंथ कसा वाचावा हे मला कोणत्या विद्यापीठाने शिकवले नाही. पत्ते वाचायला मात्र ठाकूरद्वारच्या रद्दीवाल्यांनी शिकवले. प्रेमचंदांचे 'गोदान' १९३६ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाले, त्यावर प्रकाशक म्हणून 'हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालय, हीराबाग, गिरगाव, मुंबई' हे नाव येते. हीराबाग म्हणजे सी. पी. टँकवरची जैन धर्मशाळा. ठाकूरद्वार नाक्यावरून चालत दहा मिनिटे. हिंदी कादंबरीचा मानदंड मानले जाणारे पुस्तक आपल्या शेजारच्या एका धर्मशाळेतून निघाले आणि गिरगावावरच्या आपल्या आठवणीपर लेखनात त्याचा मागमूस नाही.

त्या लेखनात काय असते? खटाववाडीतली 'मौज' आणि 'सत्यकथा', केळेवाडीतला साहित्य संघ, खानावळी, चाळीतला गणपती. ते खरेच आहे. मीही त्यावरच वाढलो. पण ते सारे इथे रुळलेल्या माणसाच्या नजरेतून लिहिलेले आहे. बाहेरून पाहुणा म्हणून या शहरात आलेल्या लेखकाला आपली माणसे कुठे आणि कशी सापडली, हा प्रश्न त्यात उमटतच नाही. प्रेमचंदांच्या बाबतीत तो विचारला, तर उत्तर अनपेक्षित येते.

प्रेमचंद १९३४ च्या मध्याला मुंबईत आले. सरस्वती प्रेस, 'हंस' आणि 'जागरण' यांनी त्यांना कर्जात बुडवले होते. अजंता सिनेटोनने वर्षाला आठ हजार रुपयांचा करार देऊ केला. ते दादरला राहिले. मोहन भवनानींनी त्यांच्या कथेवर 'मजदूर' हा गिरणी कामगारांवरचा चित्रपट काढला आणि गिरण्यांच्या या शहरातच सेन्सॉरने तो अडवला. १९३५ च्या एप्रिलमध्ये ते परतले. त्याच ऑक्टोबरपासून 'हंस' भारतीय साहित्य परिषदेचे मुखपत्र झाले आणि संपादक म्हणून कन्हैयालाल मुन्शी व प्रेमचंद अशी दोन नावे झळकू लागली. तोही संसार वर्षभर टिकला नाही. सरकारने जामीन मागितला, परिषदेने हात काढून घेतला आणि मासिक पुन्हा प्रेमचंदांच्या गळ्यात पडले. हिंदी चरित्रांत मुंबईचे हे वर्ष फसलेले वर्ष म्हणूनच येते. मला हा निकाल अर्धवट वाटतो. फसल्या त्या दोन मोठ्या पाट्या : स्टुडिओ आणि परिषद. तिसरी पाटी लहान होती. ती फसली नाही.

ती पाटी नाथूराम प्रेमींची. सागर जिल्ह्यातल्या देवरी गावचा हा माणूस (जन्म १८८१) गावी तुटपुंज्या पगारावर मास्तरकी करीत होता. मुंबईत आला तो एका जैन सभेतल्या कारकुनीसाठी. कारकुनी करता करता त्याने संस्कृत वाढवले, मराठी, गुजराती, बंगाली आत्मसात केली, 'जैन हितैषी' संपादले आणि १९१२ मध्ये हिंदी ग्रंथमाला सुरू केली. पहिले पुस्तक मिलच्या 'ऑन लिबर्टी'चा महावीरप्रसाद द्विवेदींनी केलेला अनुवाद, 'स्वाधीनता'. मग द्विजेंद्रलाल रायांची नाटके, शरच्चंद्र, जैनेंद्रांची 'परख'. आग्र्याच्या बनारसीदासाचे 'अर्धकथानक', सतराव्या शतकातले ते पद्य आत्मचरित्र, प्रेमींनीच संपादून १९४३ मध्ये काढले. पदवीवाचून संशोधन करणाऱ्या माझ्यासारख्याला या माणसाबद्दल जरा जास्तच जिव्हाळा वाटतो, हे आधीच कबूल करतो.

या ग्रंथमालेच्या पुस्तकांवर मुद्रकाची नावे पाहावीत. ठाकुरद्वारचा कर्नाटक प्रेस. पुढे केळेवाडीतला न्यू भारत प्रिंटिंग प्रेस. हिंदीची ही पुस्तके आपल्या वाड्यांतल्या छापखान्यांत जुळवली जात होती आणि बाहेर आपण गिरगाव हे मराठीचे माहेरघर म्हणत होतो.

प्रेमींनी प्रेमचंदांचा 'नवनिधि' हा कथासंग्रह १९१७ च्या सुमारासच काढला होता. म्हणजे प्रेमचंद दादरला उतरले, त्याच्या सतरा वर्षे आधीच त्यांचे मुंबईत एक दार उघडे होते, आणि ते टपालाने, हस्तलिखिताने, छपाईच्या व्यवहाराने उघडले होते. साहित्यिक गोतावळा गप्पांच्या टेबलावर जन्मतो असे आपण समजतो. माझे मत उलट आहे. आधी काम जुळते, गप्पा मागाहून येतात. कधी येतही नाहीत. नायजेरियातल्या इबादान शहरात १९६१ मध्ये 'म्बारी क्लब' निघाला. सोयिंका, अचेबे, ओकिग्बो ही त्यातली नावे. दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेले म्फाहलेले तिथे पाहुणे, आणि तेच त्याचे अध्यक्ष. त्या क्लबाबद्दल बोलताना तिथल्या मैफलीच आठवल्या जातात. पण क्लब पुस्तकेही काढत होता. ओकिग्बोची 'हेवन्सगेट' १९६२ मध्ये तिथूनच आली. मैफली पांगल्या, ते पुस्तक राहिले.

हे प्रेमचंदांना ठाऊक होते, याचा पुरावा खुद्द 'गोदान'मध्ये आहे. त्यातला शहरी भाग सैल आहे, खेड्याच्या कथेला नीट सांधलेला नाही, ही तक्रार जुनी आहे. रायसाहेबांच्या भोवती जमणारी मंडळी पाहा : तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक मेहता, डॉक्टर मालती, बँक आणि साखर कारखाना चालवणारे खन्ना, 'बिजली'चे संपादक ओंकारनाथ. मेजवान्या, सहली, शिकारी, आणि बोलणे, बोलणे, बोलणे. आणि होरीचा मुलगा गोबर? तो लखनौला येतो, अंगमेहनत करतो, मग खोंचा लावून चार पैसे गाठीला बांधतो, आणि शेवटी गिरणीत जातो. शहर त्याला त्या दिवाणखान्यांतून मिळत नाही, खोंच्यावर मिळते. आणि गिरणीच्या संपात तेच शहर त्याला झोडपून काढते. दोन भाग सांधलेले नाहीत, कारण लखनौच्या त्या मंडळीत गोबरला बसायला जागाच नाही. ही फट लेखकाच्या हातून राहिलेली नाही, त्याने ती ठेवली आहे, असे मी म्हणेन. 'गोदान'चे काम चालू असतानाच हा माणूस दादरहून स्टुडिओत जात-येत होता, हे विसरून ती वाचता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका ग्रंथालयात (नाव घेत नाही) मी हिंदी ग्रंथ रत्नाकरची पुस्तके मागितली. "ती काढून टाकली, आपल्याकडे हिंदी कोण वाचतं?" असे उत्तर आले. वजनावर गेली होती. त्यातली दोन मला पुढे ठाकूरद्वारलाच पदपथावर मिळाली, शिक्क्यासकट. एकाच्या बांधणीत मुद्रकाचे पान कापले गेले होते. दुसऱ्यावर केळेवाडी शाबूत होती.