प्रवासवर्णन आणि पाण्यांतील गाय

ज्यानें चार गांवें पाहिलीं त्यास चार पानें लिहितां येतात, अशी प्रवासवर्णनाविषयीं आपल्याकडे एक सर्वसाधारण समजूत आहे. ती किती फसवी आहे याचें प्रत्यंतर गेल्या माघांत आम्हांस आलें. दापोलीस निघालों असतां मुंबई–गोवा रस्त्यावर पेणजवळ रामवाडीस, एस. टी.च्या आगारापाशीं, चहासाठीं गाडी थांबली. बरोबर आमची भाची, जांवई आणि त्यांचीं दोन मुलें होतीं. हें कुटुंब बरींच वर्षें अमेरिकेंत राहतें. चहा येईपर्यंत भाचीनें आपल्या एका लेखाचीं पानें आमच्या हातीं दिलीं आणि म्हणाली, "मामा, भीड न धरतां सांगा, हें छापण्याजोगें आहे का?"

लेख फ्लॉरिडांतील क्रिस्टल रिव्हर या लहानशा गांवाविषयीं होता. लांबच्या मोटारप्रवासांत मंडळी तेथें एक रात्र थांबली व पहांटे झऱ्याच्या पाण्यांत उतरून मोकळ्या मॅनाटींसमवेत पोहली. मॅनाटी ही आपल्या समुद्रगाईची सोयरी. लांबी नऊदहा फूट, वजन हजार पौंडांच्या आसपास, आणि आहार केवळ पाण्यांतील गवताचा. विषय नवा, लेखिकेची भाषा स्वच्छ, आणि अनुभव स्वतःचा. इतकें भांडवल असतांहि लेख आम्हांस उणा वाटला. असा उणेपणा आजकालच्या पुष्कळ प्रवासलेखांत आढळतो, म्हणूनच त्याची चर्चा येथें करीत आहों.

लेखभर मॅनाटी हंसते, मुलांचें स्वागत करते, निरोप देतांना मागें वळून पाहते. पण ती तेथें आली कां, हें एका ओळींतहि सांगितलेलें नाहीं. वास्तविक एवढ्या थोरल्या देहाला थंडीपासून राखणारी चरबी फार थोडी असते. पाण्याची उष्णता वीस अंशांच्या खालीं गेली कीं तें पाणी तिला सोसत नाहीं. क्रिस्टल रिव्हरचे झरे बारा महिने सुमारें बावीस अंशांवर असतात, म्हणून हिवाळ्यांत शेंकडों मॅनाटी समुद्रांतून तेथें आश्रयास येतात. गर्दीनें बुजून ती झऱ्याबाहेर थंड पाण्यांत गेली तर प्रश्न तिच्या जिवाचा होतो. याच कारणास्तव दर वर्षीं १५ नोव्हेंबरपासून ३१ मार्चपर्यंत तेथील कांहीं भाग दोरी बांधून माणसांस बंद केलेला असतो. आमच्या लेखिकेनेंहि दोरीचा उल्लेख केला होता. पण तो तिच्यामुळें छायाचित्र नीट आलें नाहीं, एवढ्यापुरताच!

दुसरें स्थळ याहून बोलकें आहे. एका मॅनाटीच्या पाठीवरील पांढऱ्या रेघांना लेखिकेनें रांगोळीच्या नक्षीची उपमा दिली होती. वाचतांना उपमा गोड वाटते. परंतु मोटारबोटींच्या पंख्यांनीं केलेल्या जखमांचे ते वण होत. असे वण इतक्या मॅनाटींच्या अंगावर असतात कीं शास्त्रज्ञ त्यांवरूनच एकेक प्राणी ओळखतात. उपमेचें काम वस्तु अधिक स्पष्ट दाखविण्याचें असतें. येथें तिनें वस्तु झांकून टाकली. हा दोष अलंकारशास्त्रांतला नव्हे, पाहण्यांतला आहे.

वास्तविक या प्राण्याच्या बाबतींत अशी फसगत फार जुनी आहे. कोलंबसानें १४९३ च्या जानेवारींत हिस्पानिओला बेटाजवळ तीन जलपऱ्या पाहिल्याची नोंद आहे. त्या बहुधा मॅनाटीच असाव्यात असें जाणते मानतात. तरी चित्रांत दाखवितात तितक्या त्या सुंदर नाहींत, हें त्यानें मोकळेपणीं नमूद केलें. मनांतली परी आणि डोळ्यांपुढचा प्राणी यांतला फरक त्या दर्यावर्दीला लपवावासा वाटला नाहीं, हें त्याला भूषणावह आहे.

रामवाडीस बसून ही चर्चा चालली असतां आम्हांस गोडसे भटजींची आठवण होणें साहजिक होतें. त्यांचें वरसई गांव याच पेण तालुक्यांतलें. १८५७ सालीं चुलत्यांबरोबर ते पायीं उत्तरेस निघाले, बंडाच्या धामधुमींत सांपडले, आणि चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून १८८३ मध्यें त्यांनीं आपली हकीकत लिहिली. १९०७ सालीं ती छापून निघाली. गृहस्थ निघाले दक्षिणेच्या आशेनें, आणि तें ते लपवीत नाहींत. झांशींत आपली गाळण उडाली हेंहि सांगतात. जें घडलें तें आपल्यासाठीं घडत नव्हतें, आपण केवळ त्यांत सांपडलों होतों, ही जाणीव त्यांच्या लिहिण्यांत सर्वत्र आहे. त्यामुळें झांशी आपणांस दिसते. आजचा प्रवासी मात्र जेथें जातो तेथें जग आपल्याच स्वागतास उभें आहे, अशा थाटांत लिहितो.

हें सर्व ऐकून घेतल्यावर भाचीनें विचारलें, "पण मामा, आम्हांला आनंद झाला तो खोटा का?"

प्रश्न रास्त होता. आम्हीं तिला तिच्याच लेखांतील एक जागा दाखविली. धाकटा मुलगा पाण्यावर पालथा तरंगत असतां जवळच एक मॅनाटी श्वास घ्यायला वर आली. तिचा सुस्कारा ऐकून त्यानें स्वतःचा श्वास क्षणभर रोखून धरला. एवढेंच. तेथें ना हंसणें, ना स्वागत. ती आपला श्वास घेऊन गेली आणि मुलाला तिची ओळख पटली. संबंध लेखांत खरा आनंद कोठें असेल तर तो या दोन ओळींत आहे.

आमची टीका येथेंच संपती तर बरें होतें. दुसऱ्या दिवशीं हर्णैच्या समुद्रांत डॉल्फिन पाहण्यास गेलों. आपल्या किनाऱ्यालगतचा हा पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन. कोंकणांतले मच्छीमार त्यास गादा म्हणतात. उथळ पाण्यांत व खाड्यांच्या तोंडाशीं त्याचा वावर, म्हणून माणसाच्या जाळ्यांशीं व होड्यांशीं त्याची गांठ रोजची. जगांतील संकटग्रस्त प्राण्यांत त्याची गणना होते. एक पाठ वर आली मात्र, चार होड्या यंत्रें गर्जवीत चहूंकडून तिच्यावर धांवल्या. त्यांतल्या एका होडींत उभे राहून नावाड्याला "आणखी जवळ घ्या, आणखी जवळ!" असें ओरडणारे गृहस्थ आम्हीच होतों. पाठ पुन्हा वर आली नाहीं. भाची कांहीं बोलली नाहीं. मुलांनीं मात्र आमच्याकडे पाहिलें.

हा विषय केवळ रुचीचा नाहीं. या कुळांतली स्टेलरची समुद्रगाय १७४१ सालीं शास्त्राला माहीत झाली आणि पुरत्या तीस वर्षांच्या आंत पृथ्वीवरून नाहींशी झाली. फ्लॉरिडांत २०२१ या एका वर्षांत अकराशेंहून अधिक मॅनाटी मेल्या. पूर्व किनाऱ्यावरील खाजणांत दूषित पाण्यामुळें गवत मेलें व पुष्कळ जणी भुकेनें गेल्या. आपल्या देशांत समुद्रगाय आतां कच्छचें आखात, तामिळनाडूचा किनारा व अंदमान-निकोबार येथेंच उरली आहे. तिच्यासाठीं पाल्कच्या उपसागरांत ४४८ चौरस किलोमीटरांचें राखीव क्षेत्र २०२२ सालीं जाहीर झालें. अशा प्राण्याविषयीं लिहितांना त्याचें दुःख नक्षी म्हणून दाखविणें हें निरुपद्रवी राहत नाहीं. तो लेख वाचून उद्यां आणखी दहा कुटुंबें पाण्यांत उतरणार असतात, आणि कसें उतरावें हें तीं त्याच लेखावरून शिकणार असतात.

भाचीनें लेख पुन्हा लिहून पाठविला आहे. दोरी आतां पहिल्या परिच्छेदांत आली आहे, वणांना वण म्हटलें आहे, आणि मुलाच्या श्वासाच्या त्या दोन ओळींना तिनें हात लावलेला नाहीं. लेख छापण्याजोगा झाला आहे असें आम्हीं तिला कळविलें. हर्णैची होडी मात्र तिनें भिडेखातर गाळली. ती आम्हीं येथें घातली आहे.