गोधडी : ऊब आणि टाका

मराठी साहित्यात गोधडी आली की तिच्यामागोमाग ‘माया’ आणि ‘ऊब’ हे शब्द येतात. शालेय पाठ्यपुस्तकात समाविष्ट झालेली कैलास दौंड यांची ‘गोधडी’ ही कविता याचे परिचित उदाहरण होय. घरातील माणसांची जीर्ण वस्त्रे आणि त्यांत साठलेला जिव्हाळा हा तिचा आशय आहे. कवीने तो निवडावा यात गैर काहीच नाही. आक्षेप आहे तो आपल्या समीक्षेवर आणि अध्यापनावर. गोधडी ही शिवलेली वस्तू आहे, हे आपण विसरतो. परिणामी शिवणारीचे वात्सल्य तेवढे उरते आणि तिचे ज्ञान नाहीसे होते.

हे ज्ञान साधे नाही. वर-खाली त्यातल्या त्यात धड लुगडे आणि मध्ये विरलेले तुकडे अशी रचना असते. तुकड्यांच्या कडा एकमेकींवर चढल्या तर तेथे जाडी येते, फट राहिली तर थंडी शिरते. कच्चे टाके घालून थर बांधल्यावर धावदोरा सुरू होतो. कडेकडून आत चौकोनी फेऱ्या घेत गेल्यास कापडाचा ढिलेपणा मध्याकडे सरकतो. प्रत्येक फेरीला तो तळहाताने सारखा करावा लागतो, अन्यथा मधोमध फुगवटा येतो. टाके विरळ पडले तर धुण्यात आतील चिंध्या गोळा होतात. दाट पडले तर जीर्ण कापडावरील ताण अनेक टाक्यांत विभागला जाऊन ते आणखी काही वर्षे टिकते. ज्या ओळींना आपण नक्षी म्हणून दाद देतो, त्या मुळात अशा उपयोगातून आलेल्या आहेत.

बंगालच्या कांथ्यावर स्टेला क्रॅमरिश यांनी १९३९ मध्येच अभ्यासपूर्ण लेखन केले. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांच्या कवंदीचीही, कोपऱ्यांवर लावल्या जाणाऱ्या घडीच्या ‘फुलां’सह, अभ्यासकांनी दखल घेतली. मराठी समीक्षेने गोधडीकडे एवढ्या बारकाईने क्वचितच पाहिले. (आपल्याकडे शिवणकाम अजूनही ‘छंद’ या सदरात मोडते, हेही त्याचे एक कारण असावे.)

वरोऱ्यात राहून तरी ही दृष्टी अपुरी वाटावयास हवी. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. पुढे आनंदवनात हातमाग, शिवणकाम यांसारखे उद्योग उभे राहिले. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या बोटाला सुई टोचल्याचे कळत नाही आणि न कळलेली जखम चिघळते. अशा हाताला सुई कशी धरावी, हा तंत्राचा प्रश्न आहे आणि उपजीविकेचाही. तेथील शिवणीचे वर्णन ‘माया’ या एका शब्दात करणे म्हणजे त्या श्रमाची दयेत गणना करणे होय.

आज जुन्या सुती लुगड्यांच्या जागी कृत्रिम धाग्यांच्या साड्या आल्या आहेत. त्यांचे थर एकमेकांवरून निसटतात आणि घामही शोषत नाहीत. त्यामुळे टाक्यांचे अंतर व थरांची संख्या नव्याने ठरवावी लागते. हा बदल शिवणाऱ्या स्त्रियांनी केव्हाच ओळखला आहे. कवितेच्या तासाला मात्र लुगडे अद्याप सुतीच आहे.