‘जिवंत औषध’ : कौतुक आणि हिशेब

आम्ही नाशिकला द्वारका भागात राहतो. कर्करोगाच्या उपचारासाठी मुंबईला निघालेले शेजारीपाजारी, आम्ही विज्ञानातले म्हणून, हल्ली विचारतात, “ते नवे ‘जिवंत औषध’ आम्हाला चालेल का?” हा प्रश्न वृत्तपत्रांतील कौतुकातून आलेला आहे. म्हणून त्या कौतुकाची तपासणी करणे भाग आहे.

नेक्सकार-१९ हा उपचार पवईच्या आयआयटीत आणि टाटा स्मारक केंद्रात विकसित झाला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्या रक्तातील टी-पेशी बाहेर काढतात आणि निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांत एक जनुक घालतात. त्यापासून बनणारा ग्राही निसर्गात कोठेही नाही. त्याचा बाहेरचा भाग प्रतिपिंडाचा, तर आतला भाग पेशीला हल्ल्याचा संदेश देणाऱ्या प्रथिनांचा असतो. सुटे भाग जोडून सजीवात नवे कार्य घडवायचे, हेच संश्लेषी जीवशास्त्र. हे यश खरोखर मोठे आहे.

पण ‘कर्करोगावर रामबाण’ हे मथळे चुकीचे आहेत. हा ग्राही सीडी-१९ हे प्रथिन ओळखतो. ते बी-पेशींवर असते, म्हणून उपचार बी-पेशींच्या काही रक्तकर्करोगांपुरताच आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. प्रतिसाद म्हणजे कायमचे बरे होणे नव्हे. शिवाय निरोगी बी-पेशीही मरतात आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

नीतीचा प्रश्न येथेच सुरू होतो. गोळी बंद करता येते. शरीरात वाढणाऱ्या पेशी परत बोलावता येत नाहीत. अशा उपचारांनंतर क्वचित टी-पेशींचाच कर्करोग होऊ शकतो, असा इशारा छापणे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये सक्तीचे केले. हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितले नाही, तर संमतिपत्रावरील सहीला अर्थ काय? किंमत परदेशाच्या सुमारे एक-दशांश, हे खरे; पण ती रक्कमही पंचवीस लाखांहून अधिक भरते.

उलट बाजूची भीतीही तपासावी. हा बदल रक्तपेशींतच राहतो, पुढच्या पिढीत जात नाही. चीनमध्ये २०१८ साली उघड झालेला भ्रूणांतील जनुकबदल ही वेगळी गोष्ट होती.

शिक्षकांनी अशी एखादी बातमी वर्गात वाचावी आणि तीन प्रश्न विचारावेत : कोणत्या रोगावर? किती जणांवर? कोणाला परवडेल? शेजाऱ्यांना आम्हीही उत्तराऐवजी हेच प्रश्न देतो, डॉक्टरांना विचारण्यासाठी.