तार कशाला जोडली आहे? केन-फिशर यांचा पेपर वाचताना

सूरजागडहून लोहखनिज घेऊन निघालेले ट्रक एटापल्ली-आलापल्ली रस्त्यावर एकामागे एक लागले, की ओव्हरटेक विसरायचं. पुढचा थांबला की सगळे थांबतात. एकमितीय क्वांटम तारेतले इलेक्ट्रॉन मी आधी असेच समजून घेतले. तिथे एकट्याची हालचाल उरत नाही, धक्का लाटेसारखा सगळ्या रांगेतून जातो. याला लटिंजर द्रव म्हणतात.

केन आणि फिशर यांचा १९९२ चा पेपर या द्रवातल्या वहनाबद्दल आहे. या विषयात येणार असाल तर तो टाळू नका. त्यातला मुख्य निष्कर्ष अजूनही थक्क करतो: इलेक्ट्रॉनांमध्ये प्रतिकर्षण असेल, तर तारेतला एक किरकोळ दोषसुद्धा शून्य तापमानाला प्रवाह पूर्ण अडवतो. कारण दोषाभोवती इलेक्ट्रॉनांच्या घनतेत तरंग उठतात आणि येणारा इलेक्ट्रॉन त्या तरंगांवरूनही मागे फिरतो. तापमान उतरेल तसे हे तरंग लांबवर पसरतात. (इथे माझे ट्रक निकामी. खड्ड्याभोवती असं काही होत नाही.)

माझी तक्रार निर्दोष तारेबद्दलच्या सूत्राशी आहे: वाहकता म्हणजे वाहकतेचा क्वांटम गुणिले ‘जी’. प्रतिकर्षण असेल तर हा ‘जी’ एकपेक्षा कमी. पहिल्या सेमिनारला मी हे ऐटीत फळ्यावर लिहिलं. मागून प्रश्न आला, "तार कशाला जोडलीय?" मी गप्प. पेपरातली तार अनंत लांब आहे. प्रयोगातली तार काही मायक्रॉनांची, आणि दोन्ही टोकांना रुंद संपर्क, जिथे इलेक्ट्रॉन जवळपास मोकळे. १९९५ मध्ये तारुचा, होंडा आणि साकू यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या तारा मोजल्या, तेव्हा वाहकता परस्परक्रिया नसल्यासारखीच, म्हणजे स्पिन धरून दोन क्वांटमच्या जवळ निघाली. रोधात सांगायचं तर सुमारे १२,९०६ ओहम. त्याच वर्षी मास्लोव्ह-स्टोन, पोनोमारेंको आणि साफी-शुल्झ यांनी दाखवलं, की हा रोध टोकांच्या जोडणीतून येतो आणि ‘जी’ गळून पडतो.

म्हणून "केन-फिशर चुकले" असं लिहून मोकळं होणं मात्र आळशीपणाचं आहे. अनंत तारेसाठी त्यांचं गणित बरोबरच आहे. पण मग तोच प्रश्न त्यांच्या गाजलेल्या निष्कर्षालाही विचारा. तार मर्यादित लांबीची असेल तर तरंग तारेच्या टोकापर्यंतच पोचणार, आणि एका तापमानाखाली वाहकतेची घसरण थांबणार. गॅलियम आर्सेनाइडच्या एक मायक्रॉन तारेत हे तापमान एका केल्विनच्या आसपास येतं. घातांकाच्या रेषेवर नेमके बसलेले बिंदू कुणी दाखवले, तर आधी लांबी आणि सगळ्यात खालचं तापमान बघा. मी आता पेपर तिथूनच उघडते.