निरोष्ठ रामायण आणि अदृश्य मुद्रा

ग्रंथ कोणाचा, हा प्रश्न मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस नवा नाही. आपल्या संतकवींनी अभंगाच्या अखेरीस स्वतःचे नाव गोवण्याची प्रथा पाडली. ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’ ही ती नाममुद्रा. परंतु ही मुद्रा जितकी ठळक तितकीच दुबळी आहे. ती उचलून कोणत्याही रचनेच्या शेवटी लावता येते. आणि दोन कवींचे नाव एकच असले म्हणजे ती काहीच साक्ष देत नाही. नामदेवांच्या गाथेत पुढे दोन शतकांनी झालेल्या विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले, आणि ते वेगळे काढण्यात संशोधकांचे किती श्रम खर्ची पडले, हे जाणत्यांस ठाऊक आहेच.

नाशिककरांस याहून बळकट मुद्रेचा परिचय आहे. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापल्या जातात. परंतु नोट उजेडापुढे धरली असता जी आकृती दिसते, ती तेथे छापलेली नसते. कागदाचा लगदा ओला असतानाच त्याची जाडी कोठे कमी, कोठे अधिक ठेवून ती घडविलेली असते; छापखान्यात कागद येतो तो ही जन्मखूण घेऊनच. इटलीतील फाब्रियानो येथील कारागिरांनी तेराव्या शतकात ही युक्ती काढली. नाममुद्रा वरून चिकटविलेली असते, जलचिन्ह अंगातच असते. हा भेद महत्त्वाचा आहे.

आता प्रश्न असा की, लेखनाच्या अंगात अशी खूण घडविता येईल काय? मोरोपंतांनी (1729–1794) ते करून दाखविले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. त्यांनी रचिलेल्या नाना रामायणांपैकी ‘निरोष्ठ रामायणा’त ओष्ठ्य वर्ण वर्ज्य केलेले आहेत. प, फ, ब, भ, म यांतील एकही अक्षर यावयाचे नाही. म्हणजे रामकथा सांगावयाची, आणि ‘राम’ हे नाव मात्र उच्चारावयाचे नाही! मम्मटाने चित्रकाव्यास सर्वांत खालची पायरी दिली, आणि काव्य म्हणून पाहता तो निवाडा योग्यच आहे. जी कथा ज्या नावासाठी गावयाची ते नावच ज्या बंधनाने गिळले, त्या बंधनाने रसाची हानी केली नाही, असे पंतांच्या अभिमान्यांसही म्हणता येणार नाही. तथापि या कसरतीत एक गुण आहे. नक्कलकाराने त्यात आपल्या पदरचा एखादा शब्द घुसडला आणि त्यात एकही ओष्ठ्य वर्ण असला, तर वाचणाऱ्याचे ओठ मिटतात आणि चोरी तेथेच उघडकीस येते. पंतांचा हेतू पहारा बसविण्याचा नव्हता. भाषाप्रभुत्वाचा आणि भक्तीचा तो खेळ होता. पण पहारा बसला खरा.

हीच कल्पना आज वेगळ्या रूपाने पुढे आली आहे. संगणकावरील चित्र म्हणजे लक्षावधी ठिपक्यांचे आकडे. प्रत्येक आकड्याचा अखेरचा अंश बदलला तरी डोळ्यास फरक कळत नाही, म्हणून तेथे निरोप लपविता येतो. मात्र चित्र आटोपशीर करून दुसरीकडे धाडले की अशी खूण बहुधा पुसली जाते. लेखनाची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. यंत्रे आता मराठीतही अस्खलित गद्य लिहितात. त्यांचे लेखन ओळखता यावे म्हणून मेरिलंड विद्यापीठातील संशोधकांनी 2023 मध्ये जी रीत मांडली, ती निरोष्ठ रामायणाची सौम्य बहीणच होय. प्रत्येक शब्दापूर्वी शब्दसंग्रहाचे दोन भाग करावयाचे आणि एका भागास किंचित झुकते माप द्यावयाचे. वाचकास काहीच जाणवत नाही; किल्ली जवळ असलेला मात्र गणती करून सांगू शकतो की, हे यंत्राचे लेखन आहे. गूगल डीपमाइंडच्या संशोधकांनी 2024 मध्ये ‘नेचर’मध्ये वर्णिलेली पद्धतीही याच कुळातील. पंतांचा कडक निषेध येथे नुसता कल झाला, म्हणून रस वाचतो. पण त्यामुळेच मजकूर आखूड असला, किंवा कोणी तो आपल्या शब्दांत फिरवून लिहिला, तर खूण क्षीण होते.

माझा आक्षेप या क्षीणतेवर नाही. तो किल्लीवर आहे. नोटेतील आकृती घडविण्याचे साधन कडेकोट पहाऱ्यात असते, परंतु ती पाहण्याचा अधिकार भाजीवालीसही आहे. निरोष्ठ रामायणाची परीक्षा ज्याला ओठ आहेत त्या प्रत्येकास करता येते. या नव्या मुद्रेत मात्र घडविण्याची आणि वाचण्याची किल्ली बहुधा एकच. ती उघड केली तर खोटी खूण उमटविणे सोपे होते, म्हणून ती निर्मात्याच्याच खिशात राहते. ज्याने लिहविले त्याचीच साक्ष प्रमाण मानावयाची, हा न्याय नव्हे. घडविण्याची किल्ली गुप्त आणि वाचण्याची सर्वांस खुली, अशी मुद्रा साधेपर्यंत या साक्षीवर कोणास चोर ठरवू नये, विद्यार्थ्यास तर नाहीच नाही.

आणि ती साधली तरी टीकाकाराचे काम सुटत नाही. मुद्रा कूळ सांगते, मोल सांगत नाही. विष्णुदास नाम्याचा अभंग नामदेवांचा नाही असे ठरले, म्हणून तो वाईट ठरत नाही. तो वाचूनच ठरवावा लागतो.