साखळी धरणारा माणूस कुठल्या रकान्यात?

गेल्या महिन्यात विभागाच्या सेमिनारमध्ये मी एक पेपर मांडला. पेपर अमेरिकेच्या श्रम-अर्थशास्त्राचा आणि मी भूमाहितीशास्त्राचा. तरी तो निवडला, कारण त्यातली पद्धत मला माझ्या कामात वापरायची आहे. शेवटच्या स्लाइडवर मी आत्मविश्वासानं लिहिलं होतं : ‘प्रचलित वेतनाचा नियम काढला तरी मोजणी कामगारांच्या मजुरीवर फारसा परिणाम होत नाही.’ मागच्या बाकावरून एम.एस्सी.च्या एका मुलीनं विचारलं, “दादा, पण या डेटात मोजणीवाले आहेत कुठे?”

उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेलं उत्तर.

पेपर काय सांगतो

आधी थोडी पार्श्वभूमी. सरकारी पैशानं रस्ता किंवा इमारत होत असेल, तर ठेकेदारानं त्या भागात त्या कामासाठी चालू असलेली मजुरी दिलीच पाहिजे, बाहेरून स्वस्त माणसं आणून भाव पाडायचा नाही, हा ‘प्रचलित वेतना’चा नियम. अमेरिकेत केंद्राचा असा कायदा १९३१ चा आहे, डेव्हिस-बेकन कायदा. राज्यांचे कायदे वेगळे; पहिला कॅन्ससचा, १८९१ चा. १९७९ ते १९८८ या काळात फ्लोरिडापासून लुइझियानापर्यंत नऊ राज्यांनी आपापले कायदे रद्द केले. संशोधकाला याहून चांगली संधी कुठली?

डॅनियल केसलर आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी २००१ मध्ये छापलेल्या पेपरात हीच संधी साधली. कायदा रद्द केलेली राज्यं आणि न केलेली राज्यं, रद्द होण्याआधी आणि नंतर, शिवाय बांधकाम कामगार आणि बांधकामाबाहेरचे अंगमेहनतीचे कामगार अशी तिहेरी तुलना. निष्कर्ष : कायदा गेल्यावर बांधकाम कामगारांची सापेक्ष मजुरी किंचित घटली. पण पेपर तिथे थांबत नाही. युनियनवाल्यांना मिळणारी जास्तीची मजुरी बरीच घटली आणि कृष्णवर्णीय व इतर कामगारांमधली दरी कमी झाली, हेही तो दाखवतो. म्हणजे ‘किंचित’ या सरासरीच्या पोटात काहींचं बरंच गेलं आणि काहींचं फारसं नाही. सरासरी फोडून बघण्याची ही सवय मला या पेपरातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. पीएच.डी.ला येणाऱ्या प्रत्येकानं तो एकदा वाचावाच.

माझी तक्रार पेपराबद्दल कमी आणि तो माझ्यासारखे लोक ज्या तऱ्हेनं वापरतात त्याबद्दल जास्त आहे.

मजूर की तंत्रज्ञ?

मोजणीच्या तुकडीत परंपरेनं कोण असतं? पार्टी चीफ, उपकरण चालवणारा, पट्टी किंवा प्रिझमचा दांडा धरणारा रॉडमन आणि साखळी धरणारा चेनमन. डेव्हिस-बेकन कायदा ‘मजूर आणि कारागीर’ यांना लागू होतो. नियमांनुसार ज्यांचं काम मुख्यतः हाताचं, अंगमेहनतीचं आहे ते यात येतात. बौद्धिक किंवा व्यवस्थापनाचं काम करणारे येत नाहीत.

आता रॉडमन घ्या. कामगार खात्याचं जुनं मार्गदर्शन असं होतं की रॉडमन, चेनमन हे साधारणपणे ‘मजूर’ नव्हेत; पण तुकडीतला जो माणूस मुख्यतः झुडपं तोडण्यासारखं हातकाम करतो, तो मजूर. मार्च २०१३ मध्ये खात्यानं नवं परिपत्रक काढलं : बांधकामाच्या जागेवर, बांधकामाच्या लगेच आधी किंवा ते चालू असताना, बांधकाम तुकड्यांना थेट मदत म्हणून प्रामुख्यानं अंगमेहनत करणारे मोजणी कामगार कायद्याखाली येऊ शकतात. डिसेंबर २०२० मध्ये ते मागे घेतलं गेलं. माणूस तोच, हातातला दांडाही तोच. सरकारी कागदावर मात्र त्याची व्याख्या बदलत राहिली.

त्यात यंत्रांनी आणखी गुंता केलाय. रोबोटिक टोटल स्टेशन आणि जीएनएसएस रोव्हर आल्यापासून चौघांचं काम एकटा माणूस करू शकतो. सकाळी तो निर्देशांक तपासतो, दुपारी हातोड्यानं खुंट्या ठोकतो. हे डोक्याचं काम की हाताचं? कायद्याची विभागणी जिथे होते, नेमकं तिथेच हा माणूस उभा आहे.

रकान्यांचा घोळ

आता डेटाकडे. आजच्या अमेरिकी व्यवसाय-वर्गीकरणात ‘सर्वेक्षण आणि नकाशा तंत्रज्ञ’ हे क्रमांक १७ च्या मोठ्या गटात येतात : वास्तुरचना आणि अभियांत्रिकी. बांधकामाचा गट ४७ आहे. उद्योग-वर्गीकरणातही मोजणी करणाऱ्या कंपन्या बांधकामात नाहीत, ‘व्यावसायिक, वैज्ञानिक आणि तांत्रिक सेवा’ या विभागात आहेत. म्हणजे कोणतीही चाळणी लावा, मोजणी कामगार ‘बांधकाम कामगार’ म्हणून सहसा सापडतच नाही.

केसलर-कॅट्झ यांच्या काळातलं वर्गीकरण तर अजून मजेशीर होतं. १९९० च्या जनगणनेच्या व्यवसाय-यादीत तंत्रज्ञ वेगळे आणि ‘सर्वेयरचे मदतनीस’ वेगळे. हे मदतनीस हमाल-मजुरांच्या, म्हणजे अंगमेहनतीच्या गटात. पण त्यांची कंपनी अभियांत्रिकी व सर्वेक्षण सेवांच्या उद्योगात. समजा तुम्ही ‘बांधकाम’ ही उद्योगाची खूण धरली. मग हा मदतनीस कुठे पडतो? ‘बांधकामाबाहेरचा अंगमेहनतीचा कामगार’, म्हणजे थेट तुलना-गटात! ज्याच्यावर नियमाचा परिणाम होऊ शकतो त्यालाच आपण ‘ज्याच्यावर परिणाम होत नाही तो’ म्हणून वापरतो.

यामुळे पेपराचा निकाल खोटा ठरतो का? नाही. असे मदतनीस इतके थोडे आहेत की आकडा हलणारही नाही. पण ते थोडे आहेत म्हणूनच तो आकडा त्यांच्याबद्दल काही सांगत नाही. माझी स्लाइड चुकली ती इथे. नमुन्यात नसलेल्या माणसाला मी नमुन्याची सरासरी चिकटवली.

‘प्रचलित’ म्हणजे किती?

दुसरी अडचण नियमाच्या नावातच आहे. समजा एका काउंटीत दहा रॉडमन आहेत (आकडे माझे, काल्पनिक). तिघांना तासाला ४० डॉलर, बाकी सात जणांना २२, २४, २५, २६, २८, ३० आणि ३२. प्रचलित मजुरी किती?

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून २०२३ पर्यंत केंद्राचा नियम असा होता : निम्म्याहून जास्त लोकांना एकच दर असेल तर तो, नाहीतर सरासरी. आपल्या उदाहरणात सरासरी ३०.७०. ऑक्टोबर २०२३ पासून जुनी पायरी परत आली : बहुमत नसेल, पण किमान ३० टक्के लोकांना एकच दर मिळत असेल, तर तो धरा. मग उत्तर ४०. माणसं तीच, पगार तेच, आणि ‘प्रचलित’ दरात ९ डॉलर ३० सेंटचा फरक. एकच दर कुणाला मिळतो? बहुधा सामूहिक करारातल्या युनियनवाल्यांना. म्हणजे ही निवड निव्वळ गणिताची नाही. तेव्हा ‘कायदा होता की नव्हता’ असं ० आणि १ मध्ये कोडिंग केलेला पेपर दिसला, की कायद्यात दर कसा काढत होते तेही विचारा.

मग अभ्यास कुठे करायचा?

माझ्या मते कॅलिफोर्नियात. तिथल्या राज्य कायद्यात २००१ पासून ‘बांधकाम’ या शब्दात आराखड्याच्या आणि बांधकामपूर्व टप्प्यातलं काम स्पष्टपणे धरलंय, आणि त्यात जमीन मोजणीचं नाव घेऊन उल्लेख आहे. म्हणजे इथे नियम नेमका आपल्याला हव्या त्या माणसापर्यंत पोचला. पण लगेच उडी मारू नका. तिथल्या मोजणी तुकड्यांमध्ये ऑपरेटिंग इंजिनिअर्सची युनियन आधीपासून आहे, त्यामुळे काहींना चांगला दर बदलाआधीच मिळत असणार. शिवाय तोच माणूस सोमवारी सरकारी पुलावर आणि मंगळवारी खासगी प्लॉटवर असतो; वार्षिक सरासरी पगारात दोन्ही मिसळतं. खरा डेटा सरकारी कामांवर ठेकेदारानं भरायच्या प्रमाणित पगारपत्रकांत मिळेल. कष्टाचं काम आहे, पण प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

हे सगळं मला इतकं का लागलं, तेही सांगतो. एम.एस्सी.च्या प्रकल्पात आम्ही एका ओढ्याचे छेद घेतले. गावातले एक काका अकरा दिवस प्रिझमचा दांडा धरून उन्हात उभे होते. दुसऱ्या दिवसापासून बुडबुडा मध्यावर आणायला त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. उलट माझा दांडा कलला की ते ओरडायचे. आमच्या प्रबंधातली अचूकता निम्मी त्यांच्या मनगटाची होती. खर्चाच्या तक्त्यात त्यांची मजुरी मी ‘किरकोळ खर्च’ या ओळीत टाकली, चहा आणि झेरॉक्सच्या शेजारी. कुशल सहायकाचा दर वेगळा असू शकतो, हा विचारही तेव्हा मनात आला नाही, कारण तक्त्यात तसा रकानाच नव्हता.

म्हणून पेपर वाचताना निकालाच्या तक्त्याआधी नमुन्याचं वर्णन वाचा. आणि तुमचा स्वतःचा प्रकल्प लिहाल तेव्हा खर्चाचा तक्ताही एकदा तसाच तपासा. त्या मुलीचा प्रश्न आता माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. पुढच्या सेमिनारला ती दुरुस्त केलेली स्लाइड घेऊन जाणार आहे.