ते काय भाषणात सांगायचं असतं का?

जानेवारी 2025 मध्ये मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयातल्या वक्तृत्व स्पर्धेचा परीक्षक म्हणून बसलो होतो. विषय होता 'शेतकरी आत्महत्या : कारणे आणि उपाय'. 32 स्पर्धक, प्रत्येकी 7 मिनिटं, सहाव्या मिनिटाला पहिली घंटा. 32 पैकी 19 जणांनी सुरुवात शेराने केली. स्वप्नांविषयीचं एक वाक्य सहा जणांच्या तोंडी आलं. तिघांनी ते कलामांच्या नावावर घातलं, दोघांनी विवेकानंदांच्या आणि एकीने थेट आइन्स्टाइनच्या. 'बळीराजा' आणि 'पोशिंदा' किती वेळा आले ते मोजायचं मी दुपारी सोडून दिलं. पहिलं बक्षीस ज्याला गेलं (माझ्या मताविरुद्ध, दोनास एक) त्याने शेवटच्या मिनिटात गुडघे टेकून रडून दाखवलं होतं.

चहाच्या वेळी त्यांच्यातलाच एक मुलगा शेजारी येऊन बसला. बक्षीस नसलेला. सहज विचारलं, घरी काय पिकतं? मग तो बोलू लागला. सोयाबीन. हमीभाव 4892 रुपये, पण मोंढ्यात वडिलांच्या हातात पडले क्विंटलला 4050. खरेदी केंद्रावर माल नेला तर ओलावा जास्त म्हणून परत पाठवला. परतीचं टेम्पोभाडं अंगावर. घरात वाळवायला जागा नाही, म्हणून शाळेच्या पटांगणात ताडपत्री टाकली, तर रात्री पाऊस आला. हे सगळं त्याने चार मिनिटांत सांगितलं, एकही शब्द वाया न घालवता. मी म्हटलं, "अरे, मग हे का नाही बोललास वर?" तो गोंधळला. म्हणाला, "सर, ते काय भाषणात सांगायचं असतं का?"

मराठी वक्तृत्वाची आजची अवस्था याहून नेमकी मला सांगता येणार नाही. भाषण म्हणजे स्वतःला माहीत असलेलं बाजूला ठेवून, कुणालाच नीट माहीत नसलेलं मोठ्या आवाजात सांगणं, असं आपण पोरांना शिकवून ठेवलंय.

न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्यानंतरची दीडशे वर्षं व्याख्यान ऐकणं हा मराठी माणसाचा छंद राहिला. आज सुकाळ तर असा आहे की शिवजयंतीच्या आठवड्यात नावाजलेला व्याख्याता मिळवायला सहा महिने आधी फोन करावा लागतो. त्यांची शैली सगळ्यांच्या ओळखीची: पंधरा मिनिटं कुजबुज, मग अचानक आरोळी, मागून ढोल. इतिहासाचं पुस्तक उघडल्याची खूण भाषणात कुठे सापडत नाही. प्रेरणादायी वक्ते हा दुसरा पंथ. त्यांच्याविषयी एवढंच म्हणेन की नाशिकला जे बोलतात तेच नागपूरला बोलतात, फक्त सुरुवातीच्या देवस्थानाचं नाव बदलतात. प्राचार्य शिवाजीराव भोसल्यांच्या ओघवत्या वाणीचे नक्कलकार अजून फिरतात. ओघ आहे, पण प्राचार्यांचं वाचन कुठून आणणार? राजकीय सभांबद्दल न बोललेलं बरं. आणि आता तर भाषण लिहून देणारं यंत्र खिशातच आलंय. त्याने नवीन काही बिघडवलं नाही. आपण आधीच यंत्रासारखं लिहीत होतो.

यातल्या कुणालाही श्रोता कळत नाही असं मात्र म्हणता येणार नाही. श्रोता टाळी कुठे वाजवतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्याला काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि कशाची भीती वाटते, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. श्रोत्यांचा विचार करणं म्हणजे काय हे पाहायचं असेल तर मे 1936 कडे जावं लागतं.

त्या एका महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची दोन भाषणं लोकांपुढे आली. पहिलं लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी इंग्रजीत लिहिलेलं. मंडळाला मजकूर झेपला नाही, बदल सुचवले गेले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही हलवायला नकार दिला आणि परिषदच रद्द झाली. न झालेलं ते भाषण त्यांनी स्वतः छापलं, 1500 प्रती. 'जातिभेदाचे निर्मूलन' म्हणून आपण ते ओळखतो. दुसरं 31 मे रोजी मुंबईत, मुंबई इलाखा महार परिषदेपुढे मराठीत झालं: 'मुक्ती कोन पथे?' बोलणारा माणूस तोच आणि मुळातला प्रश्नही तोच, हिंदू समाजात अस्पृश्याने करायचं काय. तरी दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचा. तयारी या शब्दाचा अर्थ तिथे उलगडतो.

लाहोरचा श्रोता शिकलेला, सवर्ण, स्वतःला सुधारक म्हणवणारा. त्याला अन्यायाची कल्पना होती, पण पुस्तकातून. म्हणून बाबासाहेब त्याच्यापुढे आधी कात्रण ठेवतात. 4 जानेवारी 1928 च्या 'टाइम्स ऑफ इंडिया'तली बातमी: इंदूर जिल्ह्यातल्या गावांनी बलाई लोकांवर घातलेले नियम. जरीकाठी पागोटं घालायचं नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही. आठ वर्षांपूर्वीची ती बातमी, गावांच्या नावांसकट. त्याच्या जोडीला गुजरातेतल्या कविठा गावची हकिकत, जयपूर संस्थानातल्या चकवाऱ्याची तुपाच्या जेवणावरून झालेली मारहाण. पुरावा असा मांडून झाल्यावर मग प्लेटो, मग आपले गुरू जॉन ड्यूई. सुधारक ज्यांना मानतो तेच साक्षीदार उलटे उभे केलेत.

मुंबईच्या परिषदेतल्या माणसाला कात्रण दाखवायची गरजच नव्हती. घोड्यावरून वरात काढली म्हणून मार, पोरं शाळेत घातली म्हणून मार, धातूची भांडी वापरली म्हणून मार, हे त्याच्या घरातलंच होतं. बाबासाहेब ते थोडक्यात आठवून देतात आणि पुढचा प्रश्न विचारतात: हे आपल्याच वाट्याला का येतं? मग बळाचे तीन प्रकार सांगतात, मनुष्यबळ, द्रव्यबळ आणि मनोबळ, आणि तिन्हींचा हिशेब मांडतात, अडाणी माणसालाही बोटांवर मोजता येईल असा. नुसतं नाव बदलून भागेल का, वाडवडिलांचा धर्म सोडायचा कसा, या शंका श्रोत्याच्या मनात आहेत हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून त्या स्वतःच काढतात आणि एकेकीला उत्तर देतात. प्लेटो इथे नाही. शेवटी येतो तो बुद्ध, आनंदाला स्वतःचाच दीप व्हायला सांगणारा.

आता कुणी म्हणेल, म्हणजे अडाण्यांसाठी सोपं केलं. साफ चूक. याच माणसाने 25 डिसेंबर 1927 ला महाडला, बहुसंख्य निरक्षर लोकांपुढे, 1789 सालच्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेचा इतिहास सांगितला होता. का, तर तळ्याच्या पाण्यासाठी जमलेल्या माणसांना आपण किती मोठं काम करतोय हे कळण्यासाठी त्याच मापाची तुलना लागत होती. श्रोता ओळखणं आणि श्रोत्याला कमी लेखणं यातला फरक आपले आजचे वक्ते रोज पुसून टाकतात.

दुसरं नाव शेतकरी नेते शरद जोशींचं. स्वित्झर्लंडमधल्या आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून माणूस चाकणजवळ आंबेठाणला जमीन घेतो, कोरडवाहू शेती स्वतः करून पाहतो, त्यात तोटा खातो आणि मग बोलायला उभा राहतो. मी याला संदर्भसंशोधन म्हणतो. 'शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो' म्हणून सुरू होणाऱ्या त्या भाषणांत आवाज चढत नसे. कांद्याचा उत्पादनखर्च काढून दाखवला जाई. बियाणं, मजुरी, पाणी, आणि घरच्या माणसांचे कष्ट ज्यांची किंमत शेतकरी स्वतःच कधी धरत नाही. ही वजाबाकी ऐकायला माणसं तासन्‌तास बसत. गाडगेबाबांनी प्रश्नातून कीर्तन उभं केलं, जोशींनी आकड्यांतून सभा उभी केली. दोघांनीही श्रोत्याला उत्तर द्यायला लावलं, आणि ज्याने स्वतः उत्तर दिलं तो ते घरी घेऊन जातो.

ही परंपरा मेली आहे का? मला तसं वाटत नाही. ती फक्त व्यासपीठावरून खाली उतरलीय. सोलापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामसभेत मी एका आशाताईंना ऐकलं. 11 मिनिटं. हातात रजिस्टर. गावात गरोदर बायका 14, त्यांतल्या 9 जणींचं हिमोग्लोबिन 11 च्या खाली. पुरुष पुढे खुर्च्यांवर, बायका मागे पाराला टेकून. ताई पुढच्यांकडे पाठ करून मागे गेल्या आणि आधी सुनांशी न बोलता सासवांशी बोलू लागल्या, कारण ताट वाढतं कोण ते त्यांना माहीत होतं. "मावशी, काल रात्री घरात सगळ्यात शेवटी कोण जेवलं? तिच्या ताटात भाजी उरली होती का?" कुणी बोलेना. मग सुनांकडे वळून, लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं, त्याला घाबरून पोरी गोळ्या फेकतात, हे त्यांनी न लाजता सांगितलं. जेवल्याबरोबर चहा घेऊ नका, वर लिंबू पिळा, हेही. पुरुषांकडे वळून एकच वाक्य: बाळंतपणात रक्ताची पिशवी लागली तर जिल्ह्याला गाडी किती घेते ते विचारून ठेवा. खुर्च्यांतली चुळबुळ थांबली. त्या गर्दीत तीन वेगवेगळे श्रोते बसले होते आणि तिघांना तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या गेल्या. ताईंना कुणी वक्त्या म्हणत नाही. शाल-श्रीफळ त्या दिवशी सरपंचांना मिळालं.

माझं भांडण म्हणूनच वक्त्यांशी कमी आणि आयोजकांशी जास्त आहे. त्या स्पर्धेची गुणपत्रिका मी जपून ठेवलीय: आशय 20, भाषा 20, आवाज व हावभाव 40, एकूण परिणाम 20. माहिती खरी आहे का, कुठून आणली, याला रकाना नाही. शून्य गुणांचासुद्धा नाही. आइन्स्टाइनच्या तोंडी भलतं वाक्य घालणाऱ्या मुलीचा एकही गुण मला कापता आला नाही, कारण कापायला जागाच नव्हती. व्याख्यानमालांचं तेच. वक्ता तीस हजार मानधन घेतो, दीड तास बोलतो आणि आभारप्रदर्शन चालू असताना गाडीत बसतो. प्रश्नोत्तरं? वेळेअभावी नाहीत. सूत्रसंचालकाच्या चारोळ्यांना मात्र वेळ पुरतो.

यावर हमखास येणारं उत्तर मला माहीत आहे: भाषण हृदयातून यायला हवं, आकड्यांनी ते रुक्ष होतं. मग त्या मुलाचे 4050 रुपये काय होते? ताडपत्रीवर पडलेला पाऊस रुक्ष होता? हृदयातून म्हणजे तयारी न करता, असा सोयीचा अर्थ आपण लावून घेतलाय. लाहोरचं भाषण लिहिणाऱ्याला हृदय नव्हतं असं म्हणायची कुणाची छाती आहे का? शिक्षक मुलांना संहिता लिहून देतात, पालक ती पाठ करून घेतात, परीक्षक टाळ्या मोजतात. आणि घरात सोयाबीन भिजलेला मुलगा दुसऱ्या कुणाच्या तरी बळीराजावर रडायला शिकतो. याला कला म्हणायचं असेल तर म्हणा. मी परीक्षकाच्या खुर्चीवर बसून त्यावर सही करणार नाही.

त्याच महाविद्यालयाचं यंदाही निमंत्रण आलं. मी तीन अटी कळवल्या आहेत. विषय महिनाभर आधी द्यावा. प्रत्येक स्पर्धकाने त्या विषयावर आपल्या गावातल्या पाच माणसांशी बोलून, त्यांनी काय सांगितलं ते लिहून आणावं. आणि भाषणानंतर श्रोत्यांना प्रश्न विचारायला 5 मिनिटं ठेवावीत. दोन आठवडे झाले. उत्तर अजून आलेलं नाही.